टोपी उचलणारा दिवा: कामाच्या नोंदी

६ जानेवारी

आधी काय बनवतेय ते सांगते. जमिनीवर उभा राहणारा दिवा, उंची साधारण १५५ सेमी. खाली दोन अवाढव्य बूट, त्यातून वर जाणारे पँटचे दोन पाय, एक सरळ आणि दुसरा त्याच्यापुढे तिरका टाकून चवड्यावर टेकवल्यासारखा, म्हणजे कोणीतरी भिंतीला रेलून निवांत उभं आहे अशी पोझ, फक्त भिंत नाहीये. वर टोपी. मधे माणूस नाही. टोपीची पुढची कड बोटाने वर ढकलली की दिवा लागणार, खाली ओढली की विझणार.

असले गमतीचे दिवे भरपूर आहेत. स्वीडनच्या फ्रंट ग्रुपने २००६ मध्ये मूई कंपनीसाठी केलेला हॉर्स लॅम्प बऱ्याच जणांनी फोटोत पाहिला असेल, खऱ्या मापाचा काळा घोडा आणि डोक्यावर लॅम्पशेड. मला तो आवडतो, पण त्यात घोडा दिव्यासाठी काहीच करत नाही, तो नुसता स्टँड आहे. उलट मार्तिन बेदँचा सुपर नावाचा दिवा घ्या, इटलीतल्या मेम्फिस या डिझायनर ग्रुपच्या १९८१ च्या पहिल्या कलेक्शनमधला. अर्धगोल, कडेने रंगीत होल्डरमधे उघडे बल्ब आणि खाली चाकं, वायर धरून ओढत न्यायचा. तिथे गंमत आणि काम एकच आहे, दिवा हलवायचा असतो म्हणून चाकं आणि चाकं आहेत म्हणून तो खेळणं. मला या दुसऱ्या जातीचा हवाय. म्हणून टोपी हाच स्विच, वायरवर वेगळं बटण लावायचं नाही असं ठरवून टाकलंय. पुढे जो काही त्रास झाला तो या एका हट्टापायी झाला हे वाचताना लक्षात ठेवा.

९ जानेवारी

सांगाडा. २५ मिमीचा एमएस (माइल्ड स्टील) पाइप, जाडी २ मिमी, मीटरला साधारण सव्वा किलोच्या आत बसतो. मुख्य पाइप बुटातून थेट टोपीपर्यंत, आणि गुडघ्याच्या उंचीवर त्याला दुसरा तुकडा जोडून तो खाली बाहेरच्या बाजूला उतरवलाय, तो दुसरा पाय. पोझ रेललेली दिसावी म्हणून मुख्य पाइप सरळ नाही, वर जाईपर्यंत १२ सेमी बाजूला झुकतो. कागदावर १२ सेमी काहीच वाटत नाहीत.

गुडघ्याचा बाक द्यायला पाइप बेंडरमध्ये घातला तर आतल्या बाजूने चेपला. मग दुसरा पाइप कोरड्या वाळूने ठासून भरून, दोन्ही तोंडं लाकडाच्या खुंट्यांनी बंद करून वाकवला, तो व्यवस्थित आला. वाळू पूर्ण कोरडी पाहिजे, आणि गरम करून वाकवणार असाल तर हे डोक्यातच ठेवा, ओल्या वाळूची वाफ बंद पाइपमधे धोकादायक असते.

वेल्डिंग बाहेरून करून घेतलं. जोडाच्या जागी पाइपच्या आत वेल्डचा काटा राहतो आणि नंतर वायरचं कातडं सोलतो, त्यामुळे जोडायच्या आधीच मुख्य पाइपमधून तारेचा एक तुकडा ओवून ठेवा आणि वेल्ड झाल्यावर गोल कानस फिरवा. मी तार ओवली होती, कानस नंतर फिरवली, चाललं.

१४ जानेवारी

बूट. साचा म्हणून जुने गमबूट, मोठ्यातल्या मोठ्या नंबरचे. आतून तेलाचा हात फिरवून घोट्यापर्यंत काँक्रीट ओतायचं, मधे पाइपसाठी सॉकेट उभं करायचं, सुकल्यावर रबर ब्लेडने कापून काढायचं, एवढा साधा प्लॅन. पण ओल्या काँक्रीटच्या वजनाने रबर फुगतं. बूट बाजूने पोट सुटल्यासारखा झाला आणि तळवा खाली गोल. गोल तळव्यावर दिवा उभा राहत नाही, हे वेगळं सांगायला नको.

उपाय सोपा निघाला, गमबूट खोक्यात ठेवून चारी बाजूंनी ओली वाळू दाबून भरली, तळाखाली सपाट फळी. ओतताना खोक्याला सतत बाहेरून हातोडीने टकटक करत राहायचं म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतात. बारीक खडी वापरा, नेहमीची खडी बुटाच्या पुढच्या टोकात अडकते आणि तिथे पोकळी राहते. साचा तिसऱ्या दिवशी काढला तरी चालतो पण काँक्रीट आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवायचं.

रबरावरची नक्षी, शिलाईच्या खोट्या रेघा, तळव्याचे दाते, सगळं काँक्रीटमधे जसंच्या तसं उतरलं. हे बघून इतका आनंद झाला की पुढच्या नोंदीतला घोळ त्या दिवशी लक्षातच आला नाही.

२२ जानेवारी

पाइप सॉकेटमधे बसवला, टोपीच्या जागी १.४ किलोची वाळूची पिशवी बांधली. उभा राहिला. बोटाने वरच्या टोकाला हात लावला आणि पडला.

नुसतं पडतंय म्हणून वजन वाढवत बसण्यापेक्षा मोजून बघितलं. वर १.४ किलो, १५५ सेमीवर. पाइप आणि पँट धरून ३.५ किलो, मध्य साधारण ७५ सेमीवर. बूट ६ किलो, मध्य ४ सेमीवर. सगळ्याचा गुरुत्वमध्य काढला तर तो जमिनीपासून ४६ सेमी येतो. बूट १४ सेमी रुंद, म्हणजे मधोमध असता तर दोन्ही बाजूंना ७-७ सेमी मिळाले असते, पण तो १२ सेमीचा झोक आहे ना, त्यामुळे मध्य साडेतीन सेमी एका बाजूला सरकतो. उरले साडेतीन. म्हणजे फळी चार अंशाच्या आसपास कलली की दिवा गेला. हलवता येणाऱ्या दिव्यांसाठी साधारण ६ अंश उतारावर उभं राहण्याची चाचणी असते, घरी करायची तर १ मीटरची फळी एका टोकाला साडेदहा सेमी उचलायची. आपला नापास.

आणि उतार सोडा, खरी गोष्ट वेगळीच आहे. याच आकड्यांतून टोपीच्या उंचीवर आडवा किती जोर लावला की दिवा कलंडेल ते निघतं, १०.९ गुणिले ३.५ भागिले १५५, म्हणजे पाव किलो. फक्त पाव किलो! आणि माझ्या दिव्याचा स्विचच टोपी आहे. जो दिवा चालू करायला त्याच्या डोक्याला हात लावावा लागतो तो पाव किलोच्या धक्क्याने पडून चालणारच नाही.

२५ जानेवारी

वजनाबद्दल थोडं. अकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या इटालियन डिझायनर भावांचा १९६२ चा आर्को दिवा, तो लांब कमानीचा, त्याचा संगमरवरी पाया साधारण ६५ किलोचा आहे. त्या दगडात आरपार एक भोक आहे, डिझाइन म्हणून नाही, त्यात काठी घालून दोघांनी दिवा उचलायचा म्हणून. कोपरेही गोल केलेत, आपटून लागू नये म्हणून. मला ६५ किलो नको होते, मला हा दिवा एकटीला सरकवता यायला हवा.

तेव्हा दोन गोष्टी केल्या. एक, बूट परत ओतला आणि या वेळी तळाशी ३० बाय ११ सेमीची, २ सेमी जाड लोखंडी प्लेट टाकली. लोखंड काँक्रीटच्या तिपटीहून जड, त्यामुळे बुटाचा आकार तोच राहून वजन ६ वरून साडेनऊ किलोच्या पुढे गेलं, आणि ते सगळं तळाला. प्लेटवर वेल्ड करून चार बोल्ट उभे केले, नाहीतर काँक्रीट तिला धरून राहत नाही. परत ओतायचंच होतं म्हणून वायरची वाटही आता आत ठेवली, टाचेतून सॉकेटपर्यंत १६ मिमीची प्लॅस्टिक नळी. पहिल्या बुटात ती नव्हती आणि ड्रिलने भोक पाडायला गेले तर टाच तडकली होती.

दोन, दुसरा पाय. तो आत्तापर्यंत जमिनीपासून जरा वर, हवेत होता कारण चित्रात तसा छान दिसत होता. आता त्याचा बूट अडीच किलोचा केला आणि चवडा खरोखर जमिनीवर टेकवला, झोक ज्या बाजूला आहे त्याच बाजूला, मुख्य बुटापासून बाहेर. म्हणजे जो पाय नुसता स्टाइलसाठी होता तोच आता दिव्याला धरून ठेवतो. रेलून उभा राहणारा माणूसही दुसरा पाय अगदी असाच टाकतो, मला ते चित्र काढताना दिसलं नव्हतं.

नवे आकडे: एकूण १७ किलो, गुरुत्वमध्य ३१ सेमीवर. टोपीच्या जागी दोरी बांधून सामान मोजायच्या काट्याने ओढून बघितलं, सगळ्यात नाजूक बाजूला एक किलोच्या वर गेल्यावर बूट उचलला जातो. फळीवर ६ सोडा, १० अंशालाही उभा. हा आठवडा वाया गेल्यासारखा वाटत होता पण नाही गेला.

२ फेब्रुवारी

पँट. जुनी सुती पँट, फाडून पाइपभोवती परत शिवली, मग पांढरा गोंद पाण्यात पातळ करून त्यात भिजवली, घड्या चिमट्यांनी धरून वाळवली. वाळल्यावर कडक झाली, फोटो काढले, खूश. दमट हवेत मात्र गोंद परत मऊ पडतो, दोन दिवसांत गुडघ्यातून बसायला लागली, पोझ निवांतवरून थकलेली.

ते सगळं कापून काढलं आणि दुसऱ्या कापडावर एपॉक्सी केली. कापड सुतीच घ्या, टेरिकॉट मिक्स असेल तर रेझिन आत मुरत नाही, वर थर बसतो आणि टकटक वाजतो. हातमोजे, मास्क आणि खिडक्या उघड्या, यात आळस नको. एकाच वेळी पूर्ण पाय भिजवायचा प्रयत्न केला तर वरची घडी लावेपर्यंत डब्यातली एपॉक्सी गरम होऊन घट्ट झाली, मोठ्या डब्यात ती अशीच तापते. पसरट ट्रेमधे थोडी थोडी कालवायची, खालून वर.

८ फेब्रुवारी

टोपी. इथे लोखंडी घमेलं साचा म्हणून वापरलं, पालथं घालून त्यावर प्लॅस्टिकची फिल्म आणि वर कागदाच्या पट्ट्या, एकावर एक, लगदा नव्हे. घमेलंच टोपी म्हणून लावता येईल असं एकदा वाटलं होतं, पण २२ जानेवारीची बेरीज आठवली, वरचं प्रत्येक शंभर ग्रॅम तळाच्या शंभर ग्रॅमपेक्षा कितीतरी भारी पडतं. कागदाची टोपी ६०० ग्रॅममधे झाली.

पट्ट्या हाताने फाडायच्या, कात्रीने कापलेल्या कडा वर उठून दिसतात. कागदाला एक दिशा असते, त्या दिशेने सरळ फाटतो आणि आडवा वेडावाकडा, एक थर उभा आणि एक आडवा असा टाकत गेलं की ताकद येते. चिकटवायला मैद्याची खळ, त्यात बुकबाइंडर टाकतात तसं चिमूटभर मोरचूद, कीड आणि बुरशी लागू नये म्हणून. मोरचूद विषारी आहे, खळीचं भांडं परत दुसऱ्या कशाला वापरू नका. तीन-चार थर झाले की थांबायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. घाईने वर थर चढवले तर आतला कागद ओलाच राहतो आणि वास मारायला लागतो.

टोपीची कड पुठ्ठ्याची रिंग करून जोडली, ती वाळताना एका बाजूने लाटेसारखी वाकली. सरळ करायला वजन ठेवणार होते पण तशीच ठेवली, वापरलेली टोपी दिसते.

टोपी अपारदर्शक असल्यामुळे प्रकाश फक्त खाली जाणार, वरची खोली अंधारात. म्हणून टोपीच्या पट्ट्याच्या जागी दोन बोटं रुंदीची चीर सगळीकडून कापली, मधे जोड ठेवून, आणि आतून पातळ हातकागद चिकटवला. पट्टा उजळतो. जपानी-अमेरिकन शिल्पकार इसामू नोगुचींनी १९५१ पासून आकारी नावाचे दिवे केले ते वाशी या जपानी हातकागदाचे, त्यांच्याबद्दल वाचताना जाड कागद आणि पातळ कागदातून येणाऱ्या उजेडात किती फरक असतो ते कळलं होतं, इथे हातात घेऊन बघितलं. ज्या कागदात धागे दिसतात तो घ्या, एकसारखा पांढरा कागद ट्यूबलाइटच्या कव्हरसारखा दिसतो.

१५ फेब्रुवारी

पहिला उजेड. साधा ९ वॅटचा एलईडी बल्ब, टोपीच्या आत होल्डर. उभं राहून बघितलं तर सुंदर, खुर्चीत बसलं तर बल्ब सरळ डोळ्यांत. बसलेल्या माणसाचे डोळे टोपीच्या बरेच खाली असतात, ही गोष्ट सगळ्यांनी आधीच करून बघा, होल्डर फिक्स करायच्या आधी बल्ब हातात धरून कोणाला तरी बसवायचं.

दुसरं, बंद टोपीत बल्ब तापतो. एलईडी बल्बच्या गळ्यात जो ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारं सर्किट, असतो त्याला उष्णता सोसत नाही, बंद जागेत त्याचं आयुष्य कमी होतं. आणि तिसरं, मेन लाइनची वायर लोखंडी पाइपमधून, वर हलणाऱ्या बिजागरीतून जाणार, पाइपला अर्थिंग करणं आलं, शिवाय टोपीला तर सतत हात लागणार. मला हे मनातून पटत नव्हतं.

सगळं २४ व्होल्टवर नेलं. अॅडॅप्टर बाहेर भिंतीकडे, दिव्यात फक्त २४ व्होल्ट. एलईडी पट्टी २७०० केल्विनची, म्हणजे पिवळसर उजेडाची, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर, मीटरला १४.४ वॅटवाली, ८० सेमी लागली म्हणजे साडेअकरा वॅट. ती अॅल्युमिनियमच्या गोल चकतीवर गुंडाळून चिकटवली, खाली ३ मिमीचं दुधी अॅक्रिलिक, आणि हे सगळं टोपीच्या कडेपासून ६ सेमी आत. टोपीच्या वरच्या भागाला हवेसाठी छोटी पितळी आयलेट्स मारली, खऱ्या टोप्यांनाही असतात त्यामुळे खटकत नाहीत. दोन तास लावून चकतीला हात लावला, हात ठेवता येतो.

अॅडॅप्टर दिसतो त्याचं काय करायचं यावर बराच विचार केला. कास्तिल्योनींच्याच तोयो दिव्यात, तोही १९६२ चा, गाडीचा हेडलाइट वर आणि ट्रान्सफॉर्मर खाली उघडाच, तोच पायाचं वजन. मस्त कल्पना पण आजचा २४ वॅटचा अॅडॅप्टर अगदी हलका असतो, वजन म्हणून उपयोग नाही. राहू दे भिंतीजवळ.

२१ फेब्रुवारी

बिजागरी आणि स्विच. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

पहिल्यांदा टोपीत गोळीवाला टिल्ट स्विच लावला, कललं की आतली धातूची गोळी सरकून कॉन्टॅक्ट जोडते. शेजारून कोणी चाललं तरी लुकलुकतो. टोपी हलवताना तर दिवाळीच. आणि तो स्विच फार थोडा करंट झेलतो, सरळ पट्टीचा करंट त्यातून सोडायचाच नसतो.

दुसरी अडचण वायरची. एलईडी टोपीत, म्हणून वायर बिजागरी ओलांडून जाते, प्रत्येक वेळी टोपी हलली की तिथे वाकते. साधी वायर काही दिवसांतच आतून तुटली, बाहेरून धड दिसते, त्यामुळे दोष शोधण्यात एक संध्याकाळ गेली. सिलिकॉनची बारीक तारांची वायर आणली, ती टिकेल असं वाटलंही, पण मग सुचलं की एलईडीला टोपीबरोबर हलायची गरजच काय. चकती पाइपच्या टोकाला पक्की केली आणि फक्त टोपी तिच्याभोवती आडव्या एम ६ बोल्टवर हलते. वायर बिजागरीतून जातच नाही. डोळ्यांत येणारी चमकही गेली, कारण टोपी कितीही उचलली तरी चकती खालीच बघते. आणि न ठरवता झालेली गोष्ट ही की टोपी जितकी वर तितका पुढे उजेड जास्त पसरतो, म्हणजे वाचायचं असेल तर जास्त उचला, नुसता उजेड हवा असेल तर जराशी. माझ्या हट्टाचे पैसे इथे वसूल झाले.

टोपी उचलल्या जागी थांबायला हवी, तर बोल्टवर दोन नायलॉन वॉशर आणि एक स्प्रिंग वॉशर, नायलॉक नटने घट्टपणा जुळवायचा. वर जास्तीत जास्त २० अंशांवर खुंटी.

२८ फेब्रुवारी

आता इलेक्ट्रॉनिक्स, ज्यांना नको त्यांनी ही नोंद सोडा.

टोपीत छोटं चुंबक, पाइपच्या टोकाला काचेचा रीड स्विच. टोपी खाली असली की चुंबक जवळ, रीड जोडलेला, तेव्हा दिवा बंद हवा. वर गेली की रीड सुटतो, तेव्हा चालू. रीड स्विच गोळीसारखा थरथरत नाही, कारण जोडायला चुंबक जितकं जवळ लागतं त्याहून बरंच लांब गेल्यावर तो सुटतो, मधल्या जागेत गोंधळ होत नाही.

करंट एका मॉस्फेटमधून, म्हणजे गेट नावाच्या पायावर व्होल्टेज दिला की चालू होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून, आयआरएफझेड४४एन वापरला. पहिला गेला. त्याच्या गेटला २० व्होल्टच्या वर चालत नाही आणि मी १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून थेट २४ दिले होते, रेझिस्टरने गेटवरचा व्होल्टेज कमी होत नाही कारण गेट करंट घेतच नाही. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावून व्होल्टेज अर्धा करणारा डिव्हायडर केला, गेटला १२ व्होल्ट मिळतात, खालच्या रेझिस्टरला समांतर रीड. टोपी खाली, गेट शून्यावर, दिवा बंद. बरोबर.

मग हाव सुटली. दिवा झपकन लागण्यापेक्षा हळू उजळावा म्हणून गेटवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला. अर्ध्या सेकंदात छान उजळायला लागला, आणि थोड्याच वेळात टोपी वर केली तरी लागेना. रीडचे कॉन्टॅक्ट चिकटले होते, कारण टोपी खाली आली की तो भरलेला कपॅसिटर त्या नाजूक पात्यांतून एका झटक्यात रिकामा होतो. रीडच्या सिरीजमधे २२० ओहम टाकला, आता करंट ५५ मिलिअॅम्पिअरच्या पुढे जात नाही. इथे एक किलोओहम टाकाल तर कपॅसिटर सांभाळला जाईल पण गेट पूर्ण खाली येत नाही, २ व्होल्टवर अडकतो आणि काही मॉस्फेट तेवढ्यावरही किंचित चालू राहतात. २२० बरोबर आहे.

७ मार्च

दिवा पूर्ण जोडून कोपऱ्यात ठेवला, काळपट निळी पँट, काळी टोपी. दिवसा लोक हसतात. रात्री दिवा बंद असताना अंधारात कोणीतरी उभं आहे असं वाटतं आणि छातीत धस्स होतं. मी स्वतः बनवलाय आणि मीच दचकते.

हा प्रश्न आधी लक्षातच आला नव्हता कारण कारखान्यात सगळं उजेडात आणि तुकड्यांत होतं. रंग बदलून बघितला, पँट पिवळी केली, दिवसा बरी पण अंधारात रंग दिसतच नाही, आकार दिसतो. आकारातच घोळ होता. पँट कंबरेपर्यंत होती, घड्या, खिसे, पट्टा सगळं खऱ्यासारखं, दुकानातल्या पुतळ्याचा खालचा अर्धा भाग. एपॉक्सी करताना मी खरेपणासाठी जितका जीव टाकला होता तितकं ते भुताटकीचं झालं होतं.

१२ मार्च

करवतीने पँट गुडघ्याखाली कापली. एक दिवस नुसती बघत बसले होते, मग कापली. गुडघ्याखाली पँटचे दोन आखूड तुकडे आणि बूट, वर थेट उघडा पाइप, तोही एकच, आणि टोकाला टोपी. कापलेल्या कडा आतून दिसत होत्या त्या दुमडलेल्या कापडाने झाकल्या, पाइप पँटच्याच पिवळ्या रंगाचा केला.

आता अंधारात तो दिवाच दिसतो. आणि दिवसा जास्त गमतीदार झालाय, कारण माणूस आपण मनात पूर्ण करतो, मी सगळं करून दिलं होतं तेव्हा बघणाऱ्याला काही कामच नव्हतं. वर एक किलोच्या आसपास वजनही कमी झालं म्हणजे तो अजून घट्ट उभा. खिसे शिवायला लागलेला वेळ मात्र गेला तो गेला.

१९ मार्च

उरलेली बारीक कामं आणि हिशोब.

दोन बूट म्हणजे जमिनीला खूप ठिकाणी स्पर्श, दिवा डुगडुगतो. मुख्य बुटाखाली दोन फेल्टच्या चकत्या, एक टाचेला आणि एक पुढे, आणि दुसऱ्या बुटाच्या चवड्याखाली फिरवून उंची जुळवता येणारा एकच पाय, असे तीनच टेकू ठेवले. तीन टेकू कुठल्याही जमिनीवर बसतात. पण मग मुख्य बुटाची पूर्ण रुंदी मिळत नाही, म्हणून चकत्या टाचेची आणि पुढची अशा दोन्ही, झोकाच्या उलट बाजूच्या कडेजवळ लावायच्या, मधोमध नाही. लावून झाल्यावर काट्याने परत ओढून बघा, मी मधोमध लावल्या होत्या तेव्हा आकडा बराच खाली आला होता.

वायर टाचेतून बाहेर येते तिथे केबल ग्लँड लावलाय, कोणाचा पाय अडकला तर ओढ सोल्डरवर न येता ग्लँडवर येते.

खर्चात निम्म्याहून जास्त वेल्डिंग आणि वाकवण्याचे, त्यातही चेपलेला पहिला पाइप धरून. त्याखालोखाल एपॉक्सी, जी अर्ध्याहून जास्त कापून फेकलेल्या भागात गेली. एलईडी, अॅडॅप्टर, मॉस्फेट वगैरे त्याहून कमी. सिमेंट, वाळू, कागद, खळ जवळजवळ फुकट. परत केला तर पँट गुडघ्यापर्यंतच करेन आणि खर्च एक तृतीयांशाने तरी खाली येईल.

आत्ताची एकच तक्रार: नायलॉन वॉशर वापरून थोडे झिजतात आणि टोपी हळूहळू खाली यायला लागते, मग दिवा आपोआप विझतो. नटला पाव वळसा दिला की परत ठीक. टोपीच्या मागच्या बाजूला स्पॅनर जाईल एवढी फट ठेवलीय, तुम्ही कराल तर ती ठेवाच, नाहीतर प्रत्येक वेळी टोपी काढावी लागेल आणि चुंबक परत जुळवत बसावं लागेल.